पेडणेकर सिस्टरांचा फोन

पेडणेकर सिस्टरांच्या टेबलावर एक जुना, पिवळट पडलेला फोन होता. त्याचा रिसीव्हर कधीच बिघडला होता, त्यामुळे तो कायम स्पीकरवर चाले. समोर येऊन बसलेल्या माणसाचं नाव विचारायच्या आधी सिस्टर तो फोन त्याच्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "घरी लाव." माणूस गडबडून जायचा. दादरला हिंदमाताजवळ, साड्यांच्या दुकानांवर तिसऱ्या मजल्यावर, शुक्राणूंच्या बँकेत दाता व्हायला आलेला पुरुष बहुधा घरच्यांना चुकवूनच आलेला असतो. त्याला पहिल्याच मिनिटाला आईला फोन लावायला सांगितल्यावर त्याचं काय होत असेल! निम्मे तिथूनच उठून जायचे. जिन्यावरून उतरणाऱ्या त्यांच्या पावलांचा आवाज बंद झाला की सिस्टर म्हणायच्या, "गेला. बरं झालं. दमले रे मी."

हे "दमले रे मी" दिवसातून किती वेळा यायचं याला गणती नव्हती. सकाळी तीन जिने चढून आल्या की एकदा, डबा उघडताना एकदा, डबा बंद करताना एकदा. सुरुवातीला मला ती त्यांची लकब वाटायची. मग कळलं की बाई खरंच दमलेली आहे आणि ते दमणं जिन्यांचं नाही. आल्यागेल्याला घरी फोन लावायला सांगणाऱ्या या बाईला स्वतःच्या मुलाला एक गोष्ट सांगायची होती आणि ती तिच्या तोंडून निघत नव्हती. न सांगण्यात मुलाच्या जिवाला धोका होता. हे माहीत असलेली माणसं जगात दोनच होती, एक त्या आणि दुसरा मी. सिस्टर जाऊन आता वर्ष होत आलं, म्हणून लिहायला हरकत नाही. त्यांच्या मुलाला विचारूनच लिहितो आहे.

मी तिथे नोकरीसाठी गेलो नव्हतो, दाता व्हायलाच गेलो होतो. एकोणतीस वर्षांचा होतो, लालबागला आईबरोबर एका खोलीत राहत होतो, कुरियरच्या ऑफिसातली नोकरी सुटली होती आणि दोन मुलींकडून नकार आला होता. लोक समजतात तसा पैशासाठी गेलो नव्हतो. आपल्याजवळ कुणाला हवंसं वाटेल असं काही आहे का, एवढंच मला बघायचं होतं. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. खालच्या दुकानाच्या दारात सेल्समनने विचारलं, "बोला शेठ, लग्नाचं दाखवू?" मी म्हटलं, "नाही, तिसरा मजला." तो म्हणाला, "मग जिन्याने जा, लिफ्ट बंद आहे." त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही, आणि नेमकं तेच मला लागलं.

वर टेबलामागे साठीला टेकलेल्या एक ठेंगण्या बाई बसल्या होत्या. पाय सुजलेले, चपला काढून पालथ्या बादलीवर ठेवलेले. माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बस. पैशासाठी आला असशील तर आत्ताच सांग, खालचा वडापाववाला तुझ्यापेक्षा जास्त कमावतो. पुण्यासाठी आला असशील तर देवळात जा. आणि नुसता बघायला आला असशील तर बस जरा, बाहेर ऊन आहे."

मी बसलो. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला, पण मी नंबर लावला नाही. मग त्यांनी एका दमात, कंटाळलेल्या आवाजात सगळं सांगितलं. ते भाषण मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की आज ते माझ्याच तोंडून तसंच्या तसं बाहेर पडतं. "तीन दिवस आधी काही करायचं नाही. काय म्हणते ते कळलं ना? रक्त तपासणार. कावीळ, एड्स, गरमी, सगळं बघणार. गोठवल्यावर किती तग धरतं तेही बघणार. बऱ्याच जणांचं तिथेच संपतं, त्यात मर्दानगीचा काही संबंध नाही, उगाच तोंड पाडून बसायचं नाही. चांगलं निघालं तरी सहा महिने ठेवणार, मग तुला बोलावून परत रक्त काढणार. तेव्हा आला नाहीस तर सगळं फुकट. एकाच जोडप्याला देतात, तसा कायदा आहे. मूल झालं तर तुझा हक्क नाही, जबाबदारी नाही. नाव कळणार नाही, फोटो दिसणार नाही. बरं, लग्न झालंय?"

"नाही."

"होईल तेव्हा बायकोला सांग. नाही सांगितलंस तर जन्मभर पोटात घेऊन फिरशील. किती जड असतं ते तुला नाही माहीत."

एवढं बोलून त्यांनी फॉर्म पुढे केला. त्यात तीन पिढ्यांची माहिती भरायची होती: आई-वडील, चुलते, मामा, आजे, कोणाला काय आजार, कोण किती वर्षांचं होऊन गेलं, कशाने गेलं. ही जास्तीची पानं सिस्टरांनी स्वतः तयार केली होती आणि मालक डॉक्टरांशी भांडून फॉर्मला जोडली होती. मी सरळ एका ओळीत खाली लिहीत गेलो. नाही, नाही, नाही. सिस्टर म्हणाल्या, "काय रे, सोयरीक जुळवायला बसलायस काय?"

त्यांचं खरं होतं. आपल्याकडे ही उत्तरं लग्न जमवताना पाठ होतात. मुलीकडच्यांनी विचारलं की घराण्यात कोणाला काही नसतं. वेडा काका नोकरीसाठी परगावी असतो, फिट येणाऱ्या आत्याला नुसती उष्णता बाधलेली असते. तीच सवय घेऊन पोरं सिस्टरांसमोर बसायची. सिस्टर लाल पेन उचलून एकेक 'नाही' खोडायच्या आणि वर बारीक, सुबक अक्षरात 'माहीत नाही' लिहायच्या. "'नाही' लिहिलंस की डॉक्टर तिथे बघायचं बंद करतो. 'माहीत नाही' लिहिलंस की शोधायला लागतो. तुझं काय जातंय? तू जिना उतरून निघून जाशील. ते पोर राहणार आहे." मग फोन परत माझ्याकडे सरकला. "लाव घरी. लहान मूल कोणी गेलंय का ते विचार आधी."

आईने फोन उचलला. मी म्हटलं, "आये, इन्शुरन्सचा फॉर्म भरतोय. आपल्या घरात कोण लहानपणी गेलंय काय?"

पलीकडे कुकरची शिटी ऐकू आली. मग तिने विचारलं, "तुका कोणी सांगल्यान?"

"काय सांगितलं?"

"तुझ्या आदी एक झील होतो माका. दीड वरसाचो होवन गेलो. आंगात रक्तच ऱ्हवा नाय त्याच्या, सारख्या चढवूक लागायचा." थोडं थांबून ती घाईघाईने म्हणाली, "पण ता फॉर्मात लिव नको हां. खयच लिव नको. तुझा लगीन जमाचा आसा."

मला एक भाऊ होता, हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, एका अनोळखी बाईसमोर, स्पीकरवर कळलं. सिस्टरांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्यापुढे ठेवलं.

आठ दिवसांनी त्यांनी बोलावून रिपोर्ट दाखवला. मी थॅलेसेमियाचा वाहक निघालो होतो. "तुझं चालणार नाही," त्या म्हणाल्या. "तू ठणठणीत आहेस, तुला काही होणार नाही. पण समोरची बाईही अशीच असली तर मुलाचं तुझ्या भावासारखं व्हायचं. लग्न ठरवशील तेव्हा मुलीचं रक्त आधी बघ, पत्रिका मग." मी उठलो तेव्हा माझा फॉर्म डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "अक्षर बरंय रे तुझं. आमचा रेकॉर्डवाला सोडून गेलाय. सोमवारी ये." अशा रीतीने ज्या बँकेने माझं खातं उघडलं नाही, तिथेच मी कामाला लागलो. आईने चाळभर सांगितलं, झील बँकेत लागलो. मी आजतागायत तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

सिस्टरांबरोबर मी साडेतीन वर्षं काढली. त्या प्रेमळ होत्या असं म्हणणं धाडसाचं होईल. डब्यात सुकट आणून सगळी लॅब वासाने भरायच्या, आणि लॅबवाले ओरडले की म्हणायच्या, "तुमच्या टाकीतले काय वासाने मरणार आहेत?" दात्यांना मात्र त्या कधी हसल्या नाहीत. ते आतल्या खोलीत गेले की बाहेर मोठ्याने रेडिओ लावायच्या, म्हणजे कोणाला अवघडल्यासारखं होऊ नये. एकदा माटुंग्याचा एक इंजिनियर आला होता. उंच, देखणा, स्वतःवर बेहद्द खूश. सगळं भाषण ऐकून त्याने विचारलं, "मूल माझ्यासारखं दिसेल ना?" सिस्टर म्हणाल्या, "दिसेलही. पण तू नाही ना बघणार." "मग मला काय मिळणार?" "काही नाही. हे समजायलाच तर तुला इथे बसवलंय." तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला आणि मग त्याने सही केली. सहा महिन्यांनी रक्त द्यायला न बोलावता आला. सिस्टर त्या दिवशी खुशीत होत्या. म्हणाल्या, "हा माणूस पक्का झाला बघ."

माझ्या तिसऱ्या वर्षी, एका दुपारी, त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग मला बसायला सांगून सगळं सांगितलं. पेडणेकर गिरणीत होते. संपानंतर घरी बसले, मग कुठेकुठे वॉचमनची कामं केली. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दोष त्यांच्यात होता. सिस्टर तेव्हा दादरच्या एका खासगी डॉक्टरांकडे नर्स होत्या. डॉक्टर म्हणाले, करून टाकू, कोणाला कळणार नाही. त्या वेळी गोठवणं नव्हतं, फॉर्म नव्हता, वही नव्हती. जवळच्या हॉस्टेलमधला कोणी विद्यार्थी सकाळी येऊन बाटली ठेवून गेला. कोण, कुठला, त्याच्या घरी काय आजार, काही नाही. "डॉक्टर म्हणाले, विसरून जा. आणि मी विसरले रे. मिलिंद झाल्यावर खरंच विसरले. ह्यांची पायाची करंगळी वाकडी होती. मिलिंदचीही तशीच आहे असं म्हणून हे येईल त्याला त्याचा पाय दाखवायचे. त्याची सरळ होती. मी पण म्हणायचे, हो, अगदी तुमच्यासारखी."

पेडणेकर जाताना सिस्टरांकडून वचन घेऊन गेले होते. पोरगा माझा आहे, त्याला कधी काही कळता कामा नये. सिस्टरांनी ते वचन बारा वर्षं पाळलं होतं. आणि आता चौतीस वर्षांचा मिलिंद दोनदा चक्कर येऊन पडला होता, एकदा तर ऑफिसच्या जिन्यात. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याला नेलं होतं. ईसीजीच्या पट्टीत थोडं वेगळं दिसत होतं, पण नक्की काही नाही. डॉक्टरांनी विचारलं, वडिलांच्या घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? मिलिंद फॉर्मवर लिहीत म्हणाला, "नाही. आजोबा नव्वदीत गेले, काका अजून शेती करतात." डॉक्टर म्हणाले, मग घाई नको, सहा महिन्यांनी बघू. "आणि मी शेजारी बसले होते," सिस्टर म्हणाल्या. "पर्समध्ये लाल पेन होतं. मी गप्प बसले."

त्यानंतरचे महिने मला आठवावेसे वाटत नाहीत. रोज नवीन पोरं यायची आणि रोज सिस्टर त्यांच्यापुढे फोन सरकवायच्या. "घरी लाव" म्हणताना त्यांचा आवाज इतका उतरलेला असायचा की पोरांना दोनदा विचारावं लागे. मधूनच मिलिंदला फोन करायच्या आणि जेवलास का, एवढंच विचारून ठेवून द्यायच्या. एकदा माझाही तोल सुटला. मी म्हटलं, "सिस्टर, लोकांचे 'नाही' खोडता, आणि घरचा तसाच ठेवता? उद्या तो तिसऱ्यांदा पडला तर?" त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईने तुला एकोणतीस वर्षं सांगितलं नाही. तिला जाऊन विचार का ते." दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आईला मी त्या रात्री खरंच विचारलं. ती म्हणाली, "सांगल्यावर तू माझ्याकडे तसोच बघशीत काय, ह्याचा भ्या वाटायचा." मी ते सिस्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि तो विषय पुढे कधी निघाला नाही.

सहा महिने झाले त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "चल बरोबर, मला हॉस्पिटलचा जिना चढवत नाही." हॉस्पिटलात चांगल्या चार लिफ्ट होत्या. मी बरोबर गेलो. मिलिंद आधीच बाकावर बसला होता. शांत, सावळा, आईसारखा ठेंगणा. नर्सने जुना फॉर्म त्याच्या हातात देऊन विचारलं, यात काही बदल? तो म्हणाला, "काही नाही." सिस्टरांनी तो कागद त्याच्या हातातून घेतला, पर्समधून लाल पेन काढलं, वडिलांच्या रकान्यातला 'नाही' खोडला आणि वर लिहिलं, माहीत नाही. त्यांचं अक्षर पहिल्यांदाच मला वाकडं दिसलं.

"आई, काय करतेस? बाबांकडे कोणालाच नव्हतं."

"बाबांकडे नव्हतंच रे," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्याकडे काय आहे ते मला माहीत नाही. ते कोणालाच माहीत नाही."

मी उठून पाण्याच्या नळाशी जाऊन उभा राहिलो. तिथून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. सिस्टर बोलत होत्या, मिलिंद खाली बघत होता. त्या कितीशा बोलल्या असतील? पाच मिनिटं. मग नाव पुकारलं गेलं तेव्हा मिलिंद एकटाच आत गेला आणि त्याने आईसाठी दार धरलं नाही.

नवा रकाना वाचून डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या नव्याने केल्या. हृदयाचा एक आजार निघाला, घराण्यातून येणारा, तरुण माणसाला चालता-बोलता नेणारा. मिलिंदच्या छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं. महिन्याभरात तो पुन्हा ऑफिसला जायला लागला. हे सगळं सिस्टरांना सुनेकडून कळायचं. मिलिंद भांडुपला राहायचा, सिस्टर वरळीच्या खोलीत एकट्या. त्याने आईशी फोनवर बोलणं बंद केलं होतं. सिस्टरांनीही पायांचं कारण सांगून नोकरी सोडली. मी भेटायला गेलो की त्या सरबत करायच्या आणि म्हणायच्या, "जगला ना? मग झालं. बोलला नाही तरी चालेल." चालत नव्हतं, ते खोलीत दिसत होतं. मोबाइल त्यांनी खिडकीच्या फळीवर ठेवला होता, कारण तिथे रेंज चांगली मिळायची.

असे चार महिने गेले. एका सकाळी मिलिंद तीन जिने चढून बँकेत आला. छातीवर हात ठेवून सावकाश श्वास घेत माझ्यासमोर, म्हणजे सिस्टरांच्या जुन्या टेबलासमोर बसला. म्हणाला, "माझं काही रेकॉर्ड असेल का कुठे?" मी म्हटलं, नाही. दादरच्या त्या डॉक्टरांना जाऊन किती वर्षं झाली, आणि तेव्हा कोणी काही लिहीतच नव्हतं. तो म्हणाला, "आईने लिहिलेलं काही आहे?" मी कपाटातून सिस्टरांच्या काळातल्या फायली काढून दिल्या. नावं झाकून दोन-चार पानं दाखवली. प्रत्येक पानावर लाल अक्षरात 'माहीत नाही' लिहिलेलं होतं, आणि फोन झाल्यावर त्यापुढे निळ्या शाईने आजी मधुमेह, मामा फिट, चुलता छातीत कळ. तो पानं उलटत राहिला. खालून दुकानातल्या टेपवर सनई लागली होती.

शेवटी तो म्हणाला, "एकच विचारायचं होतं. तेव्हा विचारलं नाही, आता कसं विचारू कळत नाही."

मी फोन त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, "घरी लावा."

त्याने नंबर लावला. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत पलीकडून आवाज आला. "हॅलो? कोण?"

"आई, मी."

मग मिलिंद घाईघाईने म्हणाला, "आई, बाबांना माहीत होतं?"

"अरे, तेच घेऊन गेले मला," सिस्टर म्हणाल्या. "मी नको म्हणत होते. माझा हात धरून वरळीपासून दादरपर्यंत चालत नेलं. आणि बाहेर बाकावर बसून राहिले, मी येईपर्यंत."

मिलिंदने कोपर टेबलावर टेकलं आणि चेहरा हातात धरला. फोन दोघांपैकी कोणीच ठेवला नाही. मी बाहेर जाऊन रेडिओ लावला.